हद्दीबाहेरचे बाबा

आमच्या घरी फोन यायचा आणि पलीकडचा माणूस विचारायचा, "मिस्टर कर्णिक आहेत का?" आई कधीच सरळ 'नाहीत' म्हणायची नाही. "आत्ता एवढ्यात बाहेर गेलेत," असं ती इंग्रजीत इतक्या सहजपणे सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ खालच्या दुकानात पाव आणायला गेले असतील. बाबा त्या वेळी ब्राझीलमध्ये साखर भरत असायचे, नाहीतर सुएझच्या तोंडाशी रांगेत उभे असायचे. ते मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. मी आठ वर्षांची होईपर्यंत त्यांनी सेम्बावांगच्या शिपयार्डात जमिनीवरची नोकरी केली होती. त्या काळात आम्हा तिघांना सिंगापूरचं पीआर मिळालं, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी मिळाली, आणि ती हातात पडल्यावर वर्षभरातच बाबांच्या पायांना जमीन सोसेनाशी झाली. कायम राहायची परवानगी मिळवून कायमचा निघून गेलेला माणूस, असं आई त्यांना म्हणायची. हे ती त्यांच्या तोंडावरच म्हणायची, आणि ते हसायचे.

आम्ही दोघी सेम्बावांगलाच नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. सकाळी साडेपाचला खालच्या झाडावर कोकीळ ओरडायला लागायचा. शेजारच्या चिनी काकूंनी त्याच्याविरुद्ध टाउन कौन्सिलकडे लेखी तक्रार केली होती, आणि जी बाई कोकिळाविरुद्ध तक्रार करते तिच्याशी बोलायचं तरी काय, म्हणून आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. आई स्वतः जहाजांना वाणसामान पुरवणाऱ्या एका कंपनीत ऑर्डरी घ्यायची. कुठल्या जहाजाला किती अंडी, किती कांदे, किती पोती तांदूळ, दिवसभर फोनवर हेच. त्यामुळे तिचं घरातलं प्रमाण कायमचं बिघडलं होतं. दोन माणसांचं वालाचं बिरडं करायचं ठरलं की बावीस खलाशी जेवतील एवढे वाल भिजत पडायचे, आणि मग तीन दिवस आम्ही दोघी मुकाट्यानं खलाशी व्हायचो. सोडे मात्र ती अलिबागहून आलेलेच वापरायची. इथल्या बाजारातल्या सुक्या कोलंबीला ती सोडे म्हणायला तयार नव्हती. "ही नुसती वाळलेली आहे," म्हणायची, आणि पिशवी दुकानदाराला परत द्यायची.

बाबा सुट्टीवर आले की घराला घर राहणं जड जायचं. ते पहाटे चारला उठायचे, कारण जहाजावर तीच वेळ अंगात मुरलेली, आणि अंधारात फ्रिजला कान लावून उभे राहायचे. "बेअरिंग चाललंय याचं," असं ते दर सुट्टीत सांगायचे, आणि तो फ्रिज माझं कॉलेज संपेपर्यंत चालला. स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली ते रबराचे तुकडे घालून ठेवायचे, डबे घसरू नयेत म्हणून. नववा मजला हलत नाही, हे त्यांना पटायचंच नाही. ते गेले की दुसऱ्या दिवशी आई सगळे तुकडे गोळा करून एका पिशवीत भरायची, आणि ते यायच्या आदल्या दिवशी परत घालून ठेवायची. हे मी पुष्कळ मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या वयात मला त्यांचा बहुतेक वेळ रागच यायचा. शाळेत कुणी विचारलं तर मी सांगून टाकायचे, "माय डॅड डझन्ट स्टे विथ अस." समोरची मुलगी समजुतीच्या चेहऱ्यानं मान हलवायची, तिला वाटायचं आईबाबा वेगळे झालेत, आणि मी ते दुरुस्त करायच्या फंदात पडायचे नाही.

अठराव्या वर्षी मला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बाबांची इंजिनं हलणारी होती. मला एका जागी उभं राहील असं काहीतरी बांधायचं होतं. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं त्या दिवशी आईनं निनाव केलं, आणि निनावाची दुसरी गोड वडी तोंडात असताना मी पत्राचं दुसरं पान वाचलं. फी दोन प्रकारची होती. इथल्या लोकांना एक, जी आम्हाला झेपत होती, आणि परदेशी मुलांना दुसरी, जी वाचून आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी पीआर, म्हणजे इथली. पण त्या 'कायम'च्या परवानगीचा परवाना दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावा लागतो. माझ्या परवान्याची मुदत सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी संपत होती, तो वाढवून घेणं भाग होतं, आणि माझा परवाना बाबांच्या परवान्याला बांधलेला होता, कारण अर्जात पालक म्हणून सही त्यांचीच. त्यांचा वाढला तर माझा वाढणार. त्यांच्या परवान्याच्या वेळी जर कुणी म्हणालं की हा माणूस इथं राहतच नाही, तर मी एका रात्रीत परदेशी होणार. पुण्याच्या मामानं फोनवर छाती ठोकून सांगितलं, "नाही जमलं तर इकडे पाठव, इथं काय कॉलेजांना तोटा आहे?" मग त्यानं चौकशी केली आणि पडलेल्या आवाजात परत फोन केला. माझी दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेरची, आईबाबा बाहेर, तेव्हा तिथंही मला राज्याची फी मिळायची लक्षणं नव्हती. दोन्हीकडे मी बाहेरचीच ठरत होते. आता हे लिहिताना मला गंमत वाटते. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इमिग्रेशनच्या ऑफिसानं आधी एक साधं पत्र पाठवलं होतं. पालक सध्या सिंगापुरात आहेत का, आणि ते मुलाखतीला जातीनं येऊ शकतील का? हे पत्र आलं नेमकं त्याच आठवड्यात बाबांचं जहाज ओपीएलला येऊन थांबलं. ओपीएल म्हणजे बंदराच्या हद्दीबाहेरचं पाणी. पुढचा माल कुठं भरायचा याचा हुकूम येईपर्यंत जहाजं तिथं नांगर टाकून पडून राहतात, कारण आत आलं की बंदराचे पैसे लागतात. बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरात ओपीएल हा शब्द सिंगापूर याच अर्थानं वापरतात. "अमक्याचा नवरा आलाय, ओपीएलला आहे," असं बायका एकमेकींना आनंदानं सांगतात, जणू तो जिना चढून वर यायचाच बाकी आहे. तिथं फोनला सिंगापूरचं नेटवर्क मिळतं, तेवढ्यावरच सगळ्यांची समजूत झालेली. आईनं दोन्ही प्रश्नांपुढे 'हो' असं ठळक लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. पुढच्या गुरुवारी दुपारी अडीचची वेळ मिळाली.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही नेहमीच्या रिवाजाप्रमाणे डबा घेऊन चांगीच्या किनाऱ्यावर गेलो. बाबा ओपीएलला आले की आम्ही जायचोच. वाळूत चटई टाकायची, समुद्राकडे तोंड करून जेवायचं, आणि बाबांना फोन लावून मध्ये ठेवायचा, म्हणजे तेही त्यांच्या मेसमध्ये जेवता जेवता आमच्याशी बोलणार. समोर क्षितिजापर्यंत जहाजांचे दिवे लागलेले असायचे आणि त्यातला बाबांचा कोणता, हे आई अंदाजानं ठरवून टाकायची. तिनं ठरवलेला दिवा दर वेळी वेगळ्या दिशेला असायचा. त्या दिवशी बाबा म्हणाले, "थांबा, डेकवरचे दिवे एक मिनिट विझवतो, म्हणजे ओळखू येईल." आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. एकही दिवा विझला नाही. "दिसलं का?" बाबांनी विचारलं. "दिसलं, दिसलं," आई म्हणाली आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मग तिनं त्यांना गुरुवारचं सांगितलं, अडीच वाजता, निळा शर्ट घाला. "अगं," ते म्हणाले, "पण मी सिंगापुरात कुठं आहे?"

सोमवारी आईनं लिम अंकलना फोन लावला. लिम अंकल जहाजांच्या एजंटकडे काम करायचे, खलाशांना लाँचनं आणायचं, न्यायचं, कागद करायचे, हे त्यांचं काम, आणि आईशी त्यांचं रोजचं बोलणं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ओपीएल इज नॉट सिंगापूर. ओपीएल इज नोव्हेअर, लाह." जहाजावरून माणूस आणायला लाँच लागते, तिला कंपनीची परवानगी लागते, आणि कंपनी खाजगी कामासाठी ती देत नाही. बाबांच्या कॅप्टननी कंपनीला विचारूनही पाहिलं. एका ओळीत नकार आला. तारीख पुढं ढकलायची तर जहाज आज असेल, उद्या दोन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियाला निघून जाईल. माझी मुदत तोवर संपलेली असणार. आईनं कपाळावर हात मारला, आणि तो हात तिनं बराच वेळ काढला नाही. 'हो' तिनंच लिहिलं होतं ना.

त्यात मुलाखतीला आणायच्या कागदांमध्ये आणखी एक होता. गेल्या दहा वर्षांत पालक सिंगापुरात किती दिवस राहिले, याचं निवेदन. ते काम माझ्याकडे आलं. बाबांच्या खलाशी-पुस्तिकेची आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी होती. कधी जहाजावर चढले, कधी उतरले, कधी मुंबईला कोर्ससाठी गेले, कधी अलिबागच्या घराचं छप्पर बदलायला. मी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसले. खरं सांगायचं तर मला त्यात एक वाईट आनंद होत होता. माझ्या पाचवीच्या बक्षीस समारंभाला ते इंडोनेशियात, माझ्या कांजिण्यांना पनामात, आई पायऱ्यांवरून पडली तेव्हा कुठल्यातरी समुद्रात ज्याचं नावही मला सापडेना. दहा वर्षांपासून मी जे तोंडानं बोलत होते ते आता शिक्क्यांनिशी सिद्ध होत होतं. बेरीज आली सहाशे अकरा. दहा वर्षांत दोन वर्षंसुद्धा नाहीत.

आईनं आकडा बघितला. "चुकलीस कुठंतरी. पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजले. सहाशे अकरा.

"ओपीएलचे धरलेस का?"

"आई, ते नोव्हेअर आहे. लिम अंकल म्हणाले."

"आपण जेवलो की त्यांच्याबरोबर," आई म्हणाली. "चांगीला. किती वेळा जेवलो. ते नाही धरायचे?" पण आकडा मी बदलला नाही. सहाशे अकराच टाइप केला, आणि निवेदन पाकिटात घातलं. त्या आकड्यानं माझंच नुकसान होणार होतं, हे मला कळत होतं, पण खोटं लिहिण्यापेक्षा बाबांनी तो एकदा वाचावा, ही इच्छा जास्त मोठी होती.

मंगळवारी संध्याकाळी आईनं कुकर गॅसवर चढवला, पहिली शिट्टी होऊ दिली, आणि बाबांना फोन लावला. मी भांडी पुसत होते.

"तुमची ती उजवीकडची दाढ कशी आहे?"

"शांत आहे," बाबा म्हणाले.

"शांत नाहीये. दुखतेय."

"अगं नाही, परवाच लवंगेचं तेल लावलं, तेव्हापासून..."

"अहो, गुरुवारी दुखतेय. सकाळपासूनच."

ती दाढ खरोखर किडलेली होती, चार वर्षं किडलेली होती, आणि चार वर्षं बाबा तिला लवंगेच्या तेलावर खेळवत होते. हा माणूस चालू इंजिनाच्या पोटात शिरायचा, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसायची. दर सुट्टीत आई अपॉइंटमेंट घ्यायची आणि दर सुट्टीत त्याच दिवशी फ्रिजचं बेअरिंग जायचं. दाढदुखीसाठी मात्र कंपनीला लाँच द्यावीच लागते.

"फक्त दाखवायची ना?" बाबांनी विचारलं. "काढायची नाही ना?"

"दाखवायची फक्त," आई म्हणाली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

बाबांच्या जहाजाचे कॅप्टन दिल्लीकडचे सरदारजी होते. पुढं काय झालं ते बाबांनी आम्हाला नंतर पुष्कळदा रंगवून सांगितलं. बुधवारी नाश्त्याला बाबांनी अवघडून विषय काढायला सुरुवात केली, तर कॅप्टननी हातातला टोस्ट खाली ठेवला आणि सगळ्या मेसला ऐकू जाईल असं विचारलं, "चीफ साब, बहुत दर्द हो रहा है ना?" बाबा म्हणाले, थोडा थोडा. "थोडा नहीं," कॅप्टन म्हणाले, "बहुत," आणि तिथल्या तिथं कंपनीला संदेश लिहायला उठले.

गुरुवारी सकाळी लाँच आली. धक्क्यावर आई आणि मी उभ्या होतो, आईच्या हातात चार पुडांचा डबा. निळ्याऐवजी पांढरा शर्ट घालून बाबा उतरले, पाय फाकून चालत आले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उंच झालीस." मी दोन वर्षांत एक सेंटिमीटरसुद्धा वाढले नव्हते. लिम अंकलच्या हातात एक फॉर्म होता, त्यावर डॉक्टरची सही घ्यायची होती, आणि संध्याकाळी सहाच्या लाँचनं बाबांना परत न्यायचं होतं. डॉक्टरनी तोंडात आरसा घातला आणि म्हणाले, वाचवायची तर तीनदा यावं लागेल. तीनदा म्हणजे जहाजावरून उतरणं, म्हणजे करार तुटणं. नाहीतर आत्ता काढावी लागेल. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मांडीवरच्या पाकिटाकडे, आणि डोळे मिटून तोंड उघडलं.

दीड वाजता आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता आणि गालात कापूस होता. डॉक्टरनी गरम आणि चावायचं काही खाऊ नका म्हणून बजावलं होतं. सोड्याची खिचडी, तळलेली सुरमई आणि निनाव अशी आईची दोन दिवसांची मेहनत डब्यात होती. ती लिम अंकलनी इमिग्रेशनच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. "मी याला आणलंय, मीच परत नेणार," असं म्हणून ते आमच्याबरोबरच आले होते. "ही रन अवे, आय डाय." बाबांनी फुटपाथवरच्या आइस्क्रीमवाल्या अंकलकडून रासबेरीचं आइस्क्रीम घेतलं. इथं ते रंगीत पावाच्या स्लाइसमध्ये घालून देतात. बाबांनी पाव मला दिला आणि आइस्क्रीम चाटलं, आणि ओठ बधिर असल्यामुळं त्यातलं निम्मं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. आई रुमालानं पुसायला गेली, तो डाग आणखी पसरला. काउंटरच्या पलीकडच्या बाईंनी आम्हाला पाहिलं तेव्हा समोर सुजलेल्या गालाचा, छातीवर लाल डाग असलेला एक माणूस, डबा छातीशी धरलेली बायको, एक मुलगी, आणि मागं दात कोरत उभे असलेले लिम अंकल, असा देखावा होता. "दिस वन हू?" त्यांनी लिम अंकलकडे बोट करून विचारलं. "आय वेट ओन्ली," लिम अंकल म्हणाले.

बाई चाळिशीच्या असाव्यात. एसीमुळं त्यांनी स्वेटर घातला होता आणि त्या कागद एकेक करून उलटवत होत्या. फ्लॅटचे कागद, आईच्या नोकरीचा दाखला, बाबांचे करार, माझं युनिव्हर्सिटीचं पत्र. मग त्यांनी बाबांना नाही, मला विचारलं, "युअर फादर, स्टे विथ यू ऑर नॉट?"

हा प्रश्न मला आयुष्यात अनेकदा विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते आलं नाही. शेजारी बाबा कापूस सांभाळत ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. "ही डझ," मी म्हणाले. "व्हेन ही कॅन कम होम, ही डझ स्टे."

बाईंनी मान हलवली नाही, काही लिहिलंही नाही. त्यांनी पाकिटातलं शेवटचं पान काढलं, माझं निवेदन, आणि आकड्याखाली पेनाचं टोक टेकवलं. "टेन इयर्स. सिक्स हंड्रेड इलेव्हन डेज." त्यांनी पान बाबांच्या समोर सरकवलं. "सर, करेक्ट ऑर नॉट?"

बाबांनी चष्मा लावला. हाच तो क्षण, ज्याची मी तीन दिवस टेबलावर बसून वाट पाहिली होती. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. ते आधी आकडा वाचत होते, मग त्याच्या वरची माझी यादी, एकेक ओळ, बोट ठेवून. चढले, उतरले, चढले. पनामावर त्यांचं बोट थांबलं. अर्ध्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे मला बघवेना. मला इतकी लाज वाटली की ते पान हिसकावून घ्यावं असं वाटलं. आई पुढं झुकून घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, शी काउंटेड व्हेरी स्ट्रिक्टली," आणि मग तिला पुढं इंग्रजी सुचेना.

बाबांनी खूण करून बाईंकडून पेन मागून घेतलं. सहाशे अकरावर एक सरळ रेघ मारली, इंजिनच्या नोंदवहीत मारतात तशी, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी नीट अक्षरात सहाशे बारा लिहिलं.

"व्हाय?" बाईंनी विचारलं.

"टुडे," बाबा कापसातून म्हणाले.

बाईंनी लिम अंकलच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "टुडे यू गो बॅक शिप. सिक्स ओ'क्लॉक."

"तोपर्यंत इथंच आहे," बाबा म्हणाले. हे ते मराठीत बोलले, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला त्याचं इंग्रजी करून सांगावं लागलं.

बाईंनी त्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. "करेक्शन मस्ट साइन," त्या म्हणाल्या. "यू साइन. डॉटर ऑल्सो साइन." बाबांनी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. त्यांच्या सहीखाली मी माझी केली. मग बाईंनी सगळे कागद उचलून एका ट्रेमध्ये ठेवले, उत्तर पोस्टानं येईल म्हणाल्या, आणि पुढचा नंबर पुकारला.

सहाच्या लाँचनं बाबा गेले. दोन दिवसांनी जहाजाला ऑस्ट्रेलियाचा हुकूम आला. तीन आठवड्यांनी पोस्टात दोन पाकिटं होती, एक बाबांच्या नावाचं आणि एक माझ्या, दोन्ही परवाने पाच वर्षांनी वाढवलेले. मी इथल्यांच्या फीमध्ये शिकले, पुढं पूल बांधले, आता माझे केस पांढरे झालेत आणि त्या वेळच्या बाबांपेक्षा मी वयानं मोठी आहे. ते निवेदन ऑफिसातच राहिलं, त्याची प्रत मी कधी मागितली नाही. पण लहानपणी तुझे वडील तुमच्याजवळ किती दिवस राहिले, असं अजूनही कधी कुणी विचारतं, आणि मी सहाशे बारा सांगते.